सहाशे ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी लाल गाडी आहे. माझं मागचं दार वर उघडतं. माझ्यासारख्या गाड्यांत एरवी भाजीच्या पिशव्या आणि मुलांची दप्तरं असतात. माझं मात्र मागचं बाक काढून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला आणि मला शर्यतीत धाडलं. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या शर्यतीत तीसच्या तीस गाड्या सारख्या, एकाच कारखान्यातल्या. इंजिनाला सील; ते तोडलं की गाडी बाद. चालवणारे सगळे हौशी. कोणी पाव भाजतो, कोणी शाळेत भूगोल शिकवतं. माझी मालकीण दातांची डॉक्टर. तिच्या वडिलांनी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. हात कापायला लागले तेव्हा ते बंद करावं लागलं, आणि बाबा घरात बसून वाळत चालले. त्यांना गाडीपाशी आणावं म्हणूनच तिनं मला घेतलं. शर्यत हे निमित्त.

पण सील लावलेल्या इंजिनाचं बाबा करणार काय? हवा बघायची, नट आवळायचे. मग उरायचं फडकं. ते मला पुसत बसायचे. पुसताना माझ्या बिजागऱ्यांशीही बोलायचे.

तीन वर्षं आम्ही बाराव्या नाहीतर चौदाव्या यायचो. एका शर्यतीच्या सकाळी बाबांनी मला जॅकवर चढवलं आणि चाकांच्या वरच्या पत्र्याला आतून सुकून बसलेला चिखल, चिकटलेलं रबर पट्टीनं खरवडायला घेतलं. दोन डबे भरले.

शेजारचा पाववाला ओरडला, "अहो बाबा, पुरे आता! पत्र्याला भोक पडेल."

"तू तुझे पाव बघ," बाबा म्हणाले. "माझी पोर घाणेरड्या गाडीत बसणार नाही."

त्या दिवशी तिनं जीव ओतून मला हाकलं. शेवटच्या वळणावर पाववाल्याला आतल्या बाजूनं मागे टाकलं आणि आम्ही चक्क तिसऱ्या आलो! बाबा कठड्यावरून टोपी हलवत होते.

मग वजनकाटा. गाडी आणि चालक मिळून अकराशे किलो भरलेच पाहिजेत, हा नियम. मागच्या शर्यतीचं वजन पाहून ती बेतानं पेट्रोल भरायची. त्या वजनात चिखलही होता, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. काट्यावरच्या माणसानं दोनदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, सहाशे ग्रॅम कमी भरतंय."

आम्ही बाद झालो.

"माझ्या हातानंच घालवलं गं," बाबा म्हणाले. "आता या गाडीला मी हात लावणार नाही."

आणि खरंच, महिनाभर ते फिरकले नाहीत. मी शेडमध्ये उभी होते. टायर बसत चालले होते. वाटायचं, मीच थोडी जड असते तर!

एका रविवारी ती त्यांना दंडाला धरून घेऊन आली.

"मी नाही म्हटलं होतं ना?"

"बाबा, मी रोज लोकांचे दात घासते. अजून कोणी तक्रार केली नाही, की डॉक्टर, तुमच्यामुळे माझं वजन घटलं!"

बाबांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात दडवलं. मग खाली बघत विचारलं, "फार वाईट वाटलं का गं?"

"वाटलं ना. नंबर गेला म्हणून दोन दिवस. तुम्ही येत नाही म्हणून महिनाभर." तिनं फडकं पुढे केलं. "धुवा हवी तेवढी. पेट्रोल मी नंतर, वजन करून भरीन."

बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्या टायरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिची हवा कोण बघत होतं?"

"कोणीच नाही."

"वाटलंच मला!" म्हणत ते माझ्या चाकापाशी उकिडवे बसले.

आम्ही पुन्हा कधी तिसऱ्या आलो नाही. एकदा सहाव्या आलो, तेवढंच.

मित्रांनो, मायेपोटी कोणाच्या हातून तुमचं काही बिघडलं, तर दोन दिवस खुशाल रागवा. पण मग जाऊन त्यांना घेऊन या. ती माणसं आपणहून येत नाहीत.