तीन वेळा पुकारलेलं नाव

“घरात मुलं किती?” पुण्याच्या बाईंनी विचारलं, आणि श्रीपतीनं करुणाचा दंड धरला.

करुणा शाळेच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती. तिच्या डोक्यावर पट्टी टेकवून गुरुजी भिंतीवर खडूची रेघ मारणार, तेवढ्यात बाप तिला ओढत फाटकाबाहेर घेऊनसुद्धा गेला. बाई मागून ओरडत होत्या, “अहो, सायकलीची उंची ठरवायचीय! दुसरं काही नाही!”

दुसरं काही नाही! असं म्हणणाऱ्यांवरचा श्रीपतीचा विश्वास उडून वीस वर्षं होत आली होती.

गोष्ट पंच्याण्णव सालच्या जूनमधली. कळस गावाच्या पुढं उसाच्या रानात पंधरा-वीस घरांची वस्ती. वस्तीवरची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल दोन कोसांवर, आणि वाट सगळी उसातली. भर दुपारीसुद्धा शेजारून कोण चाललंय ते दिसायचं नाही. अशा वाटेनं एकट्या पोरीला कोण धाडतो? सातवी झाली की पोरींच्या हातात खुरपं यायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. त्या वर्षी मात्र पुण्याची एक संस्था गुरुजींना भेटली. आठवीत जाणाऱ्या गरीब घरच्या मुलींना सायकली देतो म्हणाली. पाच-सहा जणी मिळून सायकलींवर गेल्या की भीती नाही. आधी अर्ज, मग उंची, मग डोळ्यांची तपासणी, आणि पंधरा दिवसांनी सायकल.

“सायकलीला डाक्टर कशाला लागतोय?” घरी आल्या आल्या श्रीपती बायकोवर उखडला.

“अवो, रस्त्यानं ट्रकं पळत्यात. पोरीला दिसाया नको?” लक्ष्मीबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

“फुकटात कोण कुणाला काय देतंय? जीप हाय, डाक्टर हाय, कागुद हाय, आन् वर पोरं किती म्हणून इचारतीया. समदं तसंच हाय.”

‘तसंच’ म्हटल्यावर लक्ष्मीबाईचा हात काटवटीतच थांबला.

शहात्तर साली श्रीपती बावीस वर्षांचा होता. लग्नाला सहा महिने झाले होते. वस्तीवर अशीच एक जीप आली. शिबीर आहे, तब्येत बघतात, घोंगडी देतात, दुसरं काही नाही, असं जीपमधला माणूस म्हणाला. गडी उड्या मारत गेला. तिथं गोड शिरा खायला घातला. टेबलामागच्या कारकुनानं विचारलं, मुलं किती? श्रीपती लाजून हसला, म्हणाला, साहेब, आत्ता तर लगीन झालंय. कारकुनाला आकडा पुरा करायचा होता. त्यानं दोन लिहिलं आणि अंगठा घेतला. तीन दिवसांनी श्रीपती नसबंदीचे टाके घेऊन घरी आला, काखेत घोंगडी. कागदावर त्याची दोन पोरं होती. ती कुठली, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. श्रीपती पाणीही फुंकून प्यायला लागला. पोलिओचा डोस, बँकेचा अर्ज, जनगणनेचे मास्तर, कुणालाही उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही. पुढं थोरल्या भावानं, संभाजीनं, आपली तिसरी लेक बारा दिवसांची असताना लक्ष्मीबाईच्या ओटीत घातली. ती करुणा. तेव्हापासून त्या नवराबायकोचा सगळा जीव त्या पोरीत अडकला होता. वस्तीला सारं ठाऊक होतं. नव्यानं बदलून आलेल्या गुरुजींना आणि खुद्द करुणाला मात्र शिबिरातलं काही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी गुरुजी घरी आले. “श्रीपतराव, अहो शाळेत पहिली आलीय तुमची मुलगी. अर्ज मी भरलाय, नाव कापू दिलेलं नाही. उंची-तपासणीचं राहू द्या, एखादी मोठी सायकल देतील. समारंभाला तेवढी घेऊन या.”

“बगू,” श्रीपती म्हणाला.

“बगू काय, बगू? न्हाईतर म्होरल्या आठवड्यापास्नं खुरपं घिऊन संगं यील ती माझ्या!” गुरुजी गेल्यावर लक्ष्मीबाई कडाडली. “शिका, संघटित व्हा म्हणून सांगून गेलं आपल्याला, ते काय भिंतीवर फोटू लावाया? तुमचं झालं ते झालं. तिचं कशापायी करताय?”

“तिचं व्हऊ नये म्हणूनच करतुया!”

करुणा चुलीपाशी बसून दोघांच्या तोंडाकडं बघत होती. कशाबद्दल चाललंय ते तिला कळेना.

समारंभाच्या दिवशी श्रीपतीनं पोरीला लक्ष्मीबाईबरोबर खुरपायला धाडलं. स्वतः, ज्यांच्याकडं राबायचा त्या मोहनरावांच्या उसाला पाण्याची दारं धरायचं सोडून शाळेच्या कुंपणाबाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला. लबाडी उघडी पडेल ती डोळ्यांनी बघायची, असं त्यानं ठरवलं होतं.

पटांगणात आसपासच्या वस्त्यांच्या मिळून सोळा सायकली ओळीनं लावल्या होत्या. जीप होती. जीपच्या मागच्या दोन्ही बाकड्यांवर कुणी नव्हतं. परतताना तिथं कुणाला बसवणार? एका वर्गाच्या दाराला चादर लावली होती. श्रीपती वळसा घालून मागच्या खिडकीशी गेला, टाचा उंचावून आत डोकावला. आत चिवड्याचं पातेलं आणि चहाचे कप. चादर माशांसाठी होती. पण त्याचं समाधान झालं नाही. शिराही असाच होता.

नावं पुकारायला सुरुवात झाली. पोरी एकेक करून जात होत्या, सायकल घेऊन बाजूला उभ्या राहत होत्या. कुणी कुणाला खोलीत नेत नव्हतं. आणि मग कर्ण्यातून आवाज आला, “करुणा श्रीपती साबळे.”

श्रीपती चरकला. आपलं नाव असं पोरीच्या नावाला लागून, सगळ्या गावाच्या कानावर पडेल, असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. जावं! फाटक दहा पावलांवर होतं. मी तिचा बाप, म्हणावं आणि सायकल घ्यावी.

“करुणा श्रीपती साबळे! पालक आहेत का?”

त्या शिबिरातही नावंच पुकारली होती. नाव घेतलं की दोघं येऊन दंडाला धरायचे. श्रीपतीनं कुंपणाची तार मुठीत धरली.

“करुणा श्रीपती साबळे.” गुरुजींनी तिसऱ्यांदा पुकारलं, कपाळावर हात धरून फाटकाबाहेर पाहिलं. श्रीपती लिंबाच्या खोडाआड झाला. मग कर्ण्यातून आलं, “ठीक आहे. राखीव यादीतली पहिली. छकुली.” शेजारच्या कुशाबाईची छकुली फ्रॉक सावरत पळत गेली.

चहा झाला. चिवडा झाला. संस्थेची माणसं जीपमध्ये बसली. मागची बाकडी रिकामी ती रिकामीच. पटांगणात धूळ राहिली आणि ती खाली बसेपर्यंत श्रीपती वाट बघत राहिला. काही झालं नाही. खरंच दुसरं काही नव्हतं.

तेव्हा तो धावला. जीप वळणावर गाठली, हात आडवा घातला. “बाई! माझी पोरगी, करुणा. मघाशी नाव घेतलं तुमी. म्या हुतो तितंच.”

“मग आलात का नाही, दादा?”

काय सांगणार? बाई त्याच्या पोरीच्या वयाच्या नव्हत्या, पण पोरीसारख्याच होत्या. बायामाणसांपुढं बोलायची गोष्ट नव्हती ती.

“सायकली संपल्या हो. पुढच्या जूनमध्ये परत देऊ, पण फक्त आठवीत जाणाऱ्यांना,” बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं. जीप गेली.

तिन्हीसांजेला मायलेकी रानातून आल्या. करुणानं पाय धुतले आणि विचारलं, “तात्या, माझं नाव घेतलं का वं?”

“घेतलं.”

“पुरं?”

“पुरं. माज्या नावासकट. तीन बारी.”

“मग तुमी?”

“म्या भ्यालो, पोरी,” श्रीपती म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. “चुकलो म्या. उद्यापास्नं म्या यीन तुला सोडाया. जाताना, येताना.”

“आन् दारं कोण धरंल? मोहनराव कामावर ठिवतील का?” लक्ष्मीबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून श्रीपतीला जास्तच लागलं.

करुणाचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. तेवढ्यात दारात घंटी वाजली. छकुली नवी कोरी सायकल धरून उभी होती. कुणाची सायकल आपल्याकडं आली, हे त्या बापडीच्या डोक्यातही नव्हतं.

“करुणे, सीट लई वर हाय गं. पाय पुरंना. मागनं धरतीस का?”

श्रीपतीनं मान खाली घातली. करुणानं ओला हात फ्रॉकला पुसला आणि बाहेर गेली. “बस. नीट म्होरं बघ. खाली बघू नगंस.”

“सोडशील गं!”

“न्हाय सोडत.”

सायकल झोकांड्या खात पाणंदीला लागली. छकुली किंचाळत होती, हसत होती, आणि करुणा दोन्ही हातांनी कॅरिअर धरून अनवाणी तिच्या मागून पळत होती.