स्लीपरच्या मापाची पायवाट

श्यामकांत खोपकराचा सगळा जन्म रुळांवर गेला. गँगमन म्हणून लागला, मुकादम झाला, मिस्त्री झाला, आणि बदल्या खात खात सदुसष्ट साली कलकत्त्याला, गार्डन रीचला येऊन टेकला. शाळेशी त्याचं चौथीतच फाटलं होतं. पण रूळ सूतभर दबला असला तरी गड्याला तो तळपायातून कळायचा.

बिऱ्हाड केलं बेहाला भागात, तळ्यांच्या पलीकडे. बसच्या रस्त्यापासून घरापर्यंत एक पायवाट होती, दोन तळ्यांच्या मधून जाणारी. वरच्या तळ्याचं पाणी खालच्या तळ्यात झिरपायचं ते नेमकं तिच्या पोटातून. त्यामुळे मधला साठ-सत्तर हातांचा तुकडा बारा महिने चिखल. श्यामकांतला त्याचं काही वाटत नव्हतं. पँट गुडघ्यावर, चपला हातात, चालला.

वाटत होतं ते त्याच्या बायकोला, सरलाबाईंना. दर चैत्रात बालीगंजच्या मराठी बायका एकमेकींकडे हळदीकुंकू करायच्या. कोणाचा नवरा बँकेत साहेब, कोणाचा सरकारात. सहा वर्षं सरलाबाई त्यांच्याकडची आंब्याची डाळ खाऊन, पन्हं पिऊन, ओटीत हरभरे घेऊन परत येत होत्या, आणि उलट बोलावणं एकदाही करता आलं नव्हतं. कारण एकच, ही वाट. त्या वर्षी मात्र त्यांनी आधी वीस बायकांना बोलावलं आणि मग नवऱ्याला सांगितलं.

"येत्या शुक्रवारी आहे. मंदाकिनीबाईंपासून सगळ्या येतायत. त्यांनी चपला हातात घेऊन यायचं नाही, एवढं बघा."

श्यामकांत नीरदबाबूंकडे गेला. नीरदबाबू घोषाल म्हणजे शेजारी, आणि पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, पायवाट सुधार समितीचे चिटणीस. समिती तीन वर्षं जुनी. बैठका झाल्या एकेचाळीस, दर बैठकीला चहा आणि मुढी, म्हणजे आपले कुरमुरे, आणि सगळं नीरदबाबूंच्या जाड वहीत लिहिलेलं. काम म्हणाल तर वाटेला नाव काय द्यावं इथपर्यंत आलं होतं, आणि तिथेच दोन तट पडले होते. नीरदबाबूंनी समजावलं की म्युनिसिपालिटीच्या नकाशात ही वाटच नाही, तेव्हा आधी ती नकाशात आणायची, मग ती खराब आहे असा अर्ज करायचा. पुढची बैठक वैशाखात. श्यामकांतने चहा प्यायला, मुढी खाल्ली आणि उठला.

रविवारी पहाटेच त्याने काम काढलं. भट्टीत जादा भाजून वाकड्या झालेल्या विटा हातगाडीभर आणल्या, हातात एक मापाची काठी घेतली, आणि चिखलात विटा ठोकत सुटला. चार विटांचा एक टप्पा, मग काठी, मग पुढचा टप्पा. पाण्याला जायला खालून वाट ठेवली. दुपारी दोरी लावून बघितलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक रेष. एकही टप्पा हलत नव्हता. तो त्यावरून तीनदा गेला-आला, एकदा डोळे मिटून. असं वाटत होतं की वाट आपण होऊन पाय उचलून देतेय.

सोमवारी लोक चालायला लागले आणि पाड्याची चाल बिघडली.

ऑफिसला निघालेले बाबू तुरुतुरु पावलं टाकत, डोंबाऱ्याच्या दोरीवर चालल्यासारखे. ते कंटाळून एक टप्पा गाळायला जायचे ते थेट तळ्याच्या काठाला. साडीतल्या बायकांना तेच अंतर लांब. त्या दर विटेवर थांबायच्या, हनुमानाचं नाव घेतल्यासारखं तोंड करायच्या आणि उडी मारायच्या. नीरदबाबू छत्रीच्या आधाराने मधोमध पोचले आणि तिथूनच ओरडून म्हणाले की ठरावाशिवाय केलेल्या कामाचं असंच होतं.

श्यामकांत दारातून बघत होता. "विटा बरोबर आहेत," तो म्हणाला. "चूक पायांची आहे."

मंगळवारी सरलाबाई कैऱ्या घेऊन बाजारातून आल्या. नवव्या टप्प्याला पाय पोचला नाही. पोटरीपर्यंत चिखल, आणि दीड शेर कैऱ्या खालच्या तळ्यात, ते नीरदबाबूंच्या मालकीचं. त्या घरात आल्या, अंगणातून तशाच मोरीपर्यंत गेल्या आणि पाय धुताना नवऱ्याकडे न बघता बोलल्या. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं.

"मी मंदाकिनीबाईंना निरोप पाठवते. आमच्याकडे नको, तुमच्याकडेच करू म्हणून. सातवं वर्ष."

श्यामकांत दाराच्या पायरीवर टेकला. समोर अंगणात बायकोच्या चिखलाच्या पायांचे ठसे उमटले होते, फाटकापासून मोरीपर्यंत. बराच वेळ तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि आपली काठी दोन ठशांच्या मधे आडवी ठेवली. काठी चांगली वीतभर पुढे गेली. त्याने दुसऱ्या ठशांना लावून पाहिली. तिथेही वीतभर.

आता कळलं गड्याला. काठी त्याने कोणाला न विचारता तोडली होती, हाताला सवय होती त्या मापाची. रुळाखालच्या दोन स्लीपरांमधलं अंतर. तीस वर्षं स्लीपरांवरून चालून त्याचा पाय तेवढाच पडायला लागला होता, आणि अख्खं जग तसंच चालतं असं तो धरून बसला होता.

माफीबिफी मागणं त्याच्या घराण्यात नव्हतं. तो मोरीपाशी जाऊन म्हणाला, "निरोप राहू दे. शुक्रवारी जी साडी नेसणार ती नेस, आणि अंगणात जरा चालून दाखव. हातात ताट घेऊन."

सरलाबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा काठीकडे. मग पदर खोचला आणि हसू दाबत आत गेल्या.

बुधवारी विटा उपटून पुन्हा ठोकल्या. ह्या वेळी नीरदबाबू वही घेऊन हजर होते, शेजारी खुर्ची टाकून. त्यांनी तिथल्या तिथे बेचाळिसावी बैठक भरवली आणि ठराव लिहिला की वाटेचं माप सरलाबौदींचं, म्हणजे सरलावहिनींचं, पाऊल राहील. समितीचं ते पहिलं पुरं झालेलं काम. वर त्यांनी तळ्यातून सात कैऱ्या काढून दिल्या.

शुक्रवारी वीसच्या वीस बायका आल्या, रेशमी साड्यांत, चपला पायात. मंदाकिनीबाई अंगाने भारी आणि बोलायला फटकळ. त्या दारात थांबल्या, मागे वळून वाट बघितली आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या बालीगंजच्या फुटपाथवर इतकं सरळ चालता येत नाही." सरलाबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते बघायला श्यामकांत तिथे नव्हता. तो पन्ह्यासाठी बर्फ आणायला गेला होता.

परत आला तो गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर, आणि पायांना आपली जुनी सवय. नवव्या टप्प्याला तो मांडीपर्यंत आत गेला. बर्फ मात्र वर धरून ठेवला.

आवाज ऐकून बायका दारात आल्या. सरलाबाई सगळ्यांच्या पुढे, हातात कुंकवाचा करंडा.

"विटा बरोबर आहेत हो," त्या म्हणाल्या. "चूक पायांची आहे."

नीरदबाबूंनी बर्फ घेतला, मग श्यामकांतला ओढून काढलं. दोघं मागच्या पायरीवर बसून डाळ खात राहिले, एकाचे पाय बादलीत. आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. श्यामकांतने ते ऐकलं आणि आणखी डाळ मागितली.