मगरीनं नेलेला रुमाल

जगन घरतांनी आयुष्यात तीन वेळा मगर मारली होती, आणि तिन्ही वेळा तीच. एकदा वल्ह्यानं, एकदा नुसत्या दमदाटीनं आणि एकदा तिच्या जबड्यात हात घालून. पेणच्या एसटी स्टँडसमोर चहाचा ग्लास धरून ते ही गोष्ट सांगत, तेव्हा ग्लास धरणारा हात तोच असे. कुणी विचारलंच, की जगनदादा, मागच्या खेपेला तर ती वल्ह्यानं मेली होती, तर जगन त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत. "मगर हाय ती. एका मरणानं भागतंय काय तिचा?"

मगर श्रीलंकेतली होती. सत्त्याऐंशी साली आपली फौज तिकडे गेली, त्यात जगनची पलटण होती, एवढं मात्र खरं. आणि त्याच पलटणीत रोह्याचा कमळाकर टिपणीस होता, हेही खरं. टिपणिसांच्या घरात सगळे मास्तर नाहीतर वकील. हा एकटाच घर सोडून फौजेत पळालेला. जगन जितके बोलत तितका कमळाकर गप्प. त्याच्या लग्नात मंगलाष्टकं संपून जेवणं उठली, तरी नवरदेव मुका आहे की काय, ही मुलीकडच्यांची शंका फिटली नव्हती म्हणतात.

तर हा कमळाकर डाव्या पायानं लंगडायचा. गोळी लागली होती. पण त्याच्या नोकरीच्या कागदांत लिहिलं होतं, 'वाहन अपघात'. जखमींना घेऊन जाणारा ट्रक वाटेत उलटला, आणि ट्रकमधल्या सगळ्यांच्या नावापुढे तेच दोन शब्द पडले. शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला पराक्रम पदक मिळतं. कमळाकरच्या कागदावर ते कधी चढलंच नाही. रोह्यात त्याला ट्रकातून पडलेला फौजी म्हणत. पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर पदकवाल्यांच्या खुर्च्या मांडत आणि कमळाकर बाजूच्या फाटकापाशी उभा राही, सायकली लावतात तिथं.

त्याला त्याचं काही वाटत असेल तर त्यानं सांगितलं नाही. वाटायचं ते लतिकाला, त्याच्या बायकोला. शाळेतून निवृत्त झाल्या दिवसापासून त्या बाईनं अर्ज लिहायला घेतले ते थांबलीच नाही. शेवटी उत्तर आलं: रोह्यात माजी सैनिकांचं शिबिर आहे, रेकॉर्ड दुरुस्तीचे अधिकारी येतील, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणा.

गोळी लागली त्या रात्रीचे साक्षीदार एकेक करून देवाघरी गेलेले. उरला होता एक. जगन घरत.

लतिकाचा फोन आला. "भावजी, एक दिवस. एकच दिवस नुसतं खरं बोला."

"वयनी, मी खोटा कदी बोललो?"

लतिकानं शिबिराची तारीख आणि वेळ दोनदा सांगितली आणि फोन ठेवला.

निघताना धोंडुबाईनं, जगनच्या बायकोनं, डबा हातात दिला. "तोंड उघडू नका हां गाडीत. उघडलात का मगर बाहेर येल. आधीच माझा रुमाल गिलला तिनं."

तो रुमाल म्हणजे लग्नानंतर पहिल्यांदा फौजेत परतताना तिनं दिलेला, लाल चौकड्यांचा. तो कुठं गेला, असं तिनं विचारल्यावर मगरीनं नेला, असं जगननी सांगितलं होतं, आणि तिथूनच त्या मगरीचा जन्म झाला होता.

रोह्याच्या गाडीत जगन खिडकीपाशी बसले. कासू गेलं. नागोठणं आलं. अंबा नदीच्या पुरात म्हैस पाठीवर घेऊन पोहल्याची त्यांची गोष्ट सांगायची जागा ही, पण जगन गप्प. समोर बसलेला ओळखीचा माणूस चरकला. "दादा, बरं वाटत नाय काय? पाणी देऊ?"

जगनना बरं वाटत नव्हतंच. कारण एक गोष्ट ना लतिकाला ठाऊक होती ना धोंडुबाईला. जगननी ती गोळी लागताना बघितलीच नव्हती.

त्या खाऱ्या दलदलीत पहिला बार झाला तेव्हाच डोक्यात काहीतरी बसलं आणि ते तोंडावर चिखलात पडले. पुढचं सगळं काळोख. डोळे उघडले ते ट्रकमध्ये. मधली अख्खी गोष्ट, गोळी, कमळाकरची किंकाळी, सगळं त्यांनी इस्पितळाच्या खाटेवर रचलं होतं. शेजारच्या खाटेवर कमळाकरच होता. त्यानं ऐकलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. जगननी ते हो धरलं, आणि पस्तीसेक वर्षं त्या गोष्टीवर इतका हात फिरवला की ती खऱ्यापेक्षा गुळगुळीत झाली.

आता शपथेवर विचारतील, पाहिलंत का? हो म्हणायला काय लागतं? जिथं हजार, तिथं एक. पण पकडलं गेलं तर कमळाकरची फाईल कायमची बंद. आणि नाही म्हटलं, तरी बंदच. रोहा येईपर्यंत जगनचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि खिडकीतून वारा तर चांगला येत होता.

शिबिर एका सभागृहात होतं. दारातच लतिका उभी. शेजारी कमळाकर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी.

"आलास," कमळाकर म्हणाला. झालं त्याचं भाषण.

लतिका पुढं आली. "भावजी, आमच्या भाच्यानं, अंबरीशनं, अर्जाला तुमचा व्हिडिओपण जोडलाय. गणपतीत तुम्ही माइकवर बोलला होतात ना, तो. म्हटलं, जेवढा पुरावा तेवढा चांगला."

त्या रात्री मंडळाच्या पोरांनी माइक हातात दिला होता आणि समोर अख्खं गाव बसलं होतं. माइक आणि गाव एकत्र मिळाल्यावर जगननी कधी हात राखला होता?

आत टेबलामागं मेजर मॅडम होत्या. वयानं जगनच्या धाकट्या मुलीएवढ्या, पण नजर अशी की नारळ आपोआप सोलला जावा. त्यांनी तिघांना बसवलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"आमच्या डॉक्टरांनी सकाळी पाय पाहिला. पोटरीतून आरपार जखम आहे. गोळीची असू शकते. उलटलेल्या ट्रकमधली सळई घुसली तरी अशीच दिसेल. म्हणजे प्रश्न एकच. जखम ट्रक उलटण्याआधीची की नंतरची? टिपणीस, तुम्ही बाहेर थांबा. ताई, तुम्हीपण. आधी मी यांच्याशी बोलते."

दार लागलं. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. लतिकानं खिडकीचा गज धरला होता. तिला आतलं ऐकू येत नव्हतं, पण ती जगनच्या ओठांकडे बघत होती.

मेजर मॅडमनी लॅपटॉप जगनकडे फिरवला. पडद्यावर गणपतीचा मांडव, आरास, आणि मधोमध जगन, माइक खाऊन टाकायच्या बेतात. "मी या डोल्यांनी बगला! गोली आली, कमल्याच्या पोटरीत घुसली! मी ती दातानं काढली न् मगरीच्या तोंडावर थुकली!" मांडवात शिट्ट्या.

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. पडद्यावरच्या जगनचं तोंड उघडंच राहिलं. खुर्चीवरच्या जगनचं मिटलेलं होतं.

"यातलं खरं किती?"

"मगर सोडून?"

"मगर धरून. आणि घरतदादा, इथं शपथ आहे. गोळी लागताना तुम्ही पाहिलीत?"

जगननी खिडकीकडे बघितलं. गजावरची लतिकाची बोटं पांढरी पडली होती. मागं कमळाकर भिंतीला टेकून उभा, फाटकापाशी राहतो तसाच. हो. एक अक्षर. अख्ख्या जन्मात इतकं छोटं खोटं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तोंड उघडलं.

"नाय."

"मोठ्यानं."

"नाय बगली मॅडम. मी तोंडावर पडलो व्हतो. मना सुदच नव्हती. मांडवात सांगितला ता सगला माझ्या मनचा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पेनचा तेवढा आवाजही जगनना बार झाल्यासारखा वाटला. खिडकीत लतिकानं काय ओळखलं कोण जाणे, पण तिनं गज सोडला.

"मग तुम्ही साक्षीला आलात कशाला?"

"दुसरा कोनी उरला नाय म्हनून."

मॅडम फाईल मिटायला लागल्या. अर्धी मिटली आणि थांबल्या. "शुद्ध कधी आली?"

"ट्रकात."

"ट्रक उलटण्याआधी?"

"आधी. उलटला तवा तर माझे दोन दात गेले. हे बगा." जगननी ओठ वर केला.

"म्हणजे शुद्धीवर आल्यापासून उलटेपर्यंत तुम्ही जागे होतात. काय पाहिलंत तेवढ्यात?"

"काय बगनार मॅडम? काय सुदिक नाय. सांगन्यासारखा काय नाय त्यात."

"न सांगण्यासारखं सांगा."

जगन गोंधळले. अशी गोष्ट त्यांना आजवर कुणी मागितली नव्हती. ना मगर, ना बार. "डोला उघडला तर ह्याचा पाय माझ्या तोंडासमोर. पोटरी बांधलेली. न् बांधली कशानं, तर माझ्या रुमालानं! लाल चौकड्यांचा, बायकोनं दिलेला. रगतानं पार भिजलेला. मना येवढा राग आला मॅडम, मी त्याला शिवी घातली. म्हटला, भो...," इथं समोर बाईमाणूस आहे हे ध्यानात येऊन जगन अडखळले, "म्हटला, अरे भल्या मानसा, बायको मना घरात घेल काय आता? मंग ट्रक उलटला. बस. येवढाच."

"हे कुणाला सांगितलंत आजवर?"

"छे! ह्यात काय सांगायचा?"

मॅडमनी फाईल पुन्हा उघडली. मग उठून त्यांची खुर्ची कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून वळवली. "इथं बसायचं. मागं बघायचं नाही. तोंडातून हूं की चूं नाही. एक शब्द बोललात, तर तुमची साक्ष गेली आणि त्यांचीही."

जगन घरतांना उभ्या जन्मात एवढी कठीण कामगिरी कुणी दिली नव्हती. भिंतीवर एक पाल होती. ती एकदा चुकचुकली तेव्हा जगनना तिचा हेवा वाटला.

दार उघडलं. काठीचा आवाज. खुर्ची सरकली.

"टिपणीस, ट्रकमध्ये घरत शुद्धीवर आले?"

"हो."

"पहिलं काय बोलले?"

शांतता. जगनना ठाऊक होतं, ही शांतता जेवणाच्या पंक्ती उठेपर्यंत लांबू शकते. सांग ना रं! जगननी दातांत ओठ धरला. पाल हलली. बाहेरून गाडीची शिटी आली. पस्तीस वर्षांपूर्वीची एक शिवी, कुणाला आठवते? कमळाकरच्या डोक्यात तर आता जगनची गुळगुळीत गोष्टच बसली असेल. मगर म्हणाला तर? देवा, हा मगर म्हणाला तर!

"शिवी दिली," कमळाकर म्हणाला.

"कशावरून?"

"रुमाल."

"कसला रुमाल?"

"ह्याच्या बायकोचा. लाल चौकड्या. माझी पट्टी ह्याच्या डोक्याला बांधली होती. माझ्या पायाला काही उरलं नव्हतं. ह्याच्या खिशात तो सापडला."

मॅडमचं पेन कागदावर चालायला लागलं. जगनना ते पाठीवर चालल्यासारखं ऐकू येत होतं.

"आणि गोळी?"

आता कमळाकर बोलला. जगननी त्याला सलग एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "चिखलात उभं राहायचं नाही, पोटावर पडायचं, हे ह्यानंच शिकवलं होतं आम्हाला. खाडीकडचा आहे तो. मी पोटावर पडून ह्याची कॉलर धरून ओढत होतो. निम्म्यात गोळी लागली."

"मग?"

"मग काय. ओढत राहिलो. भरती येत होती."

कोपऱ्यातल्या भिंतीवरची पाल जगनना एकाएकी नीट दिसेनाशी झाली.

"इतकी वर्षं हे बोलला का नाहीत?"

"ट्रकमधले दोघं गेले. त्यांच्या घरी पत्रं गेली. मी पायाचं काय सांगायचं?" कमळाकर थांबला. "आणि हा बोलत होता. त्याला बरं वाटायचं."

मॅडमनी कागद पूर्ण केला, दोघांच्या सह्या घेतल्या. "निर्णय वरचा आहे. पण जखम ट्रकच्या आधीची आहे, हे मी लिहिलंय, आणि दुरुस्तीची शिफारसही." मग भिंतीकडे, "घरतदादा, आता बोला."

जगन वळले. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बाहेर लतिकानं विचारलं, "काय सांगितलंत हो भावजी?" तर म्हणाले, "काय नाय वयनी. काय सुदिक नाय." ती बिचारी रडायला लागली. तिला सावरून सगळं सांगायचं काम कमळाकरला करावं लागलं, आणि त्याला त्या दिवशी बोलण्याचा चांगलाच सराव झाला.

घरी येऊन जगननी धोंडुबाईला खरं ते सांगितलं. तिनं ताट वाढता वाढता ऐकून घेतलं. "मगर बरी व्हती," म्हणाली. "तिच्यात दम तरी व्हता."

दुरुस्ती व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. पंधरा ऑगस्टला कमळाकर रोह्यात पुढच्या रांगेत खुर्चीवर बसला, आणि फाटकापाशी सायकलींजवळ लतिका उभी राहिली, कारण तिथून त्याच्या छातीवरचं पदक नीट दिसत होतं.

त्यानंतर गणपतीची मूर्ती न्यायला टिपणीस पेणला आले. मूर्ती टेंपोत ठेवून कमळाकर खाडीकडच्या गावात जगनच्या ओट्यावर आला. कधी न आलेला माणूस. शर्टाला पदक होतं. धोंडुबाईच्या हातात त्यानं कागदाची पुडी दिली. आत लाल चौकड्यांचा कोरा रुमाल.

"जुना माझ्यामुळं गेला, वहिनी."

धोंडुबाईनं रुमाल उलगडला. पदकाकडे बघितलं. मग सगळं ठाऊक असूनही सावकाश मान वळवून नवऱ्याकडे बघितलं.

"व्हय का हो? मंग ती मगर?"

ओट्यावर शेजारपाजारची माणसं जमली होती. जगननी कमळाकरकडे बघितलं. कमळाकरनं काठी भिंतीला टेकवली, पाय लांब केला आणि ऐकायला सोयीचं बसला.

"त्याचा काय झाला," जगननी सुरुवात केली, "मगरीनं रुमाल मागितला. पन आधी यानं मागितलेला."