टिल्डा कोणाची?

एल्मर्टनची शाळा मुलांअभावी बंद पडली, आणि तिच्याच इमारतीत ऑनलाइन शाळेचा दर्जा तपासणाऱ्यांचं ऑफिस थाटलं गेलं. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला एकतर विनोदाची भारी जाण होती, नाहीतर लाज नव्हती. व्हरांड्यात अजून कमरेइतक्या उंचीवर कोट अडकवायच्या खुंट्यांची रांग होती. एकाही खुंटीला काही नसायचं, तरी डोरीन हावरिलक जाता-येता भिंतीपासून जरा लांबून चालायची. सवयच होती ती. हयातभर ती याच व्हरांड्यात पोरांच्या कोटांना चुकवत चालली होती.

आता ती शिकवत नव्हती, सल्ले द्यायची. तिच्यासोबत गॉर्ड पेनर आणि शॉना बूव्हिए. सगळ्या प्रेअरीभर, त्या अफाट सपाट गवताळ मुलखात, विखुरलेली पोरं घरी पडद्यासमोर बसून शिकतात, त्यांना नीट शिकवलं जातं की नाही ते हे तिघं बघत. पोराने विचारलं की त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. गप्प बसणारं पोर आधी हेरलं पाहिजे. आणि रोज प्रत्येकाचं नाव शिक्षकाच्या तोंडून एकदा तरी निघालं पाहिजे. ही शेवटची गोष्ट डोरीनची विशेष लाडकी, आणि ती तिने इतक्या शिक्षकांना इतक्यांदा ऐकवली होती की लोक पाठीमागे तिची नक्कल करत.

वर्ग मुलाला कसा दिसतो हे कळायचं तर मूल होऊनच बसावं लागतं. म्हणून दर शरदात तिघंही एकेक खोटं मूल तयार करून कुठल्यातरी वर्गात सोडत. नाव, गाव, स्वभाव, सगळं मनचं. मग वर्षभर त्याच्या नावाने वर्गात बसायचं, गणितं मुद्दाम चुकवायची, वेडेवाकडे प्रश्न विचारायचे आणि शिक्षक काय करतात ते पाहायचं. आपलं मूल कोणतं हे शिक्षकांना सांगायचं नाही, हा नियम. एकमेकांनाही सांगायचं नाही, ही त्यांची गंमत. बर्फ वितळायच्या आधी एक जेवण व्हायचं, त्यात बिंग फुटायचं, आणि ज्याचं मूल सर्वांत खरं वाटलं त्याला उरलेले दोघं वाढायचे.

यंदा डोरीनने घरून पेरोगी करून आणले होते, बटाट्याचं सारण भरलेले उकडलेले कानवले, कांद्यात परतलेले. ताट तिने सरळ गॉर्डपुढे ठेवलं.

"घे बाबा. यंदा तुला दंडवत. टिल्डा फेर! काय पोर उभी केलीस रे! छळलंस मला."

गॉर्डने घास गिळला. "मी? अगं, मी तर तुला वाढायच्या तयारीनं आलोय. मला वाटलं एवढा हलकटपणा तुलाच सुचेल."

"नाटकं पुरेत."

"आईशपथ. माझा तो पाचवीतला ब्रेंट. घोडा घोडा करणारा."

दोघांनी शॉनाकडे पाहिलं. शॉना हसत होती, पण ते हसू हळूहळू विरलं.

"माझ्याकडे काय बघताय? माझा सातवीतला ऑस्टिन. टिल्डा तुमच्यातल्याच कोणाचीतरी आहे. मी तर नवऱ्याला तिचे निरोप वाचून दाखवलेत. तो म्हणाला, तुमच्यात कोणीतरी वेडं आहे."

"आणि माझी आठवीतली मुलगी," डोरीन म्हणाली. "ती तर तुम्ही दोघांनी नाताळातच ओळखलीत."

खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या ठकठक करत होत्या. बाहेर वाऱ्याने बर्फाची भुकटी मैदानावरून जमिनीलगत सरकत होती. गॉर्डने काटा खाली ठेवला.

"मग टिल्डा कोणाची?"

शॉनाने लॅपटॉप ओढला आणि चौथीच्या वर्गाचं निरोपांचं पान उघडलं. हे निरोप तिघांनीही आधी वाचले होते, वाहवा करत वाचले होते. आता शॉना तेच शब्द मोठ्याने वाचू लागली.

बाई, मी हजर आहे.

बाई, माझं नाव घ्यायचं राहिलं.

आज पण राहिलं.

बाई, तुम्हाला माझा चौकोन दिसतो का? मला तुमचा दिसतो.

मी हात वर केला होता. खूप वेळ. मग तो दुखला.

मी आता माझं नाव मीच घेते आणि मीच हजर म्हणते. चालेल ना?

आणि सर्वांत खाली, नाताळनंतर केव्हातरी लिहिलेला एक: मी आता आवाज करत नाही.

सुरुवातीच्या एका निरोपाखाली शिक्षिकेने 'छान!' असं लिहिलं होतं. बाकी कशालाच उत्तर नव्हतं. फक्त एका ठिकाणी वर्गातल्या कोणा पोराने भुताचं चित्र चिकटवलं होतं.

डोरीनला शरदातला एक फोन आठवला. चौथीची शिक्षिका केल्सी टॅलबट, नवखी, गोड आवाजाची. तिने विचारलं होतं, "ही मध्येच दाखल झालेली टिल्डा फेर तुमचीच ना? फोटो नाही, कॅमेरा नाही, आणि लिहिते कसलं विचित्र." टिल्डा गॉर्डचीच, अशी डोरीनची खात्री होती. नियम मोडायचा नव्हता, पण ही नवखी शिक्षिका हुशार निघाली म्हणून कौतुकही वाटलं. तिने हसून म्हटलं होतं, "ते मी कसं सांगू बाई? पण तुझी नजर तयार झाली, एवढं मात्र म्हणेन."

एवढंच. एवढं पुरलं.

डोरीनने केल्सीला फोन लावला आणि टिल्डा आमच्यातल्या कोणाचीच नाही, हे सांगून टाकलं. जेवणानंतरचा वर्ग सुरू व्हायला थोडा वेळ होता.

"म्हणजे?" केल्सी म्हणाली. "अहो, पण तुम्हीच तर..."

"मी काय म्हणाले ते मला माहितेय. तू पुढं काय केलंस ते सांग."

"काय करणार? एवढा मोठा वर्ग. त्यात निम्म्यांचं इंटरनेट धड नाही. खोट्या मुलीसाठी खऱ्यांचा वेळ का घालवू? हजेरीत तिचं नाव गाळत गेले. प्रगतिपुस्तक पाठवलं नाही. मग पोरं विचारायला लागली, ही टिल्डा कोण, ही कधी बोलत का नाही. म्हणून मी सांगून टाकलं."

"काय सांगितलंस?"

"की ती खरी नाही. तपासायला येतात ना, त्यांची आहे."

"वर्गात सांगितलंस?"

"हो."

"ती वर्गात असताना?"

 केल्सी फोनवरच रडायला लागली. डोरीनला तिची दया आली नाही, कारण स्वतःचीच इतकी चीड आली होती की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

"रड नंतर," ती म्हणाली. "आत्ता वर्ग घे. तिचं नाव घे. मीही वर्गात बसते."

तिघं एकाच पडद्यासमोर दाटीवाटीने बसले. वर्ग भरला. कुठे चेहरा, कुठे नुसतं छत, कुठे मांजर. कोपऱ्यात एक काळा चौकोन होता आणि त्यात पांढरी दोन अक्षरं: टिल्डा. दुसरा काळा चौकोन डोरीनचा.

केल्सीने हजेरी घेतली.  शेवटी ती थांबली.

"टिल्डा फेर."

पोरं खिदळली. "बाईंनी भुताला हाक मारली!" एक ओरडला. "ऊऊऊ!" दुसऱ्याने सूर लावला, आणि मग सगळा वर्गच ऊऊऊ करायला लागला.

"गप्प! अगदी गप्प!" केल्सीचा असा आवाज पोरांनी कधी ऐकला नसावा. सगळे चिडीचूप झाले. "टिल्डा, बाळा, आहेस का?"

चौकोन काळाच राहिला. मग त्याच्या कडेला माइकची खूण पेटली. आधी शेगडीचा घुरघुर आवाज आला, कुठेतरी दार आपटलं. मग अगदी माइकला तोंड लावून कोणीतरी कुजबुजलं.

"माझं नाव नका घेऊ, बाई. ते लोक ऐकतील."

"कोण लोक, बाळा?"

"ज्यांची मी आहे ते. मी बनवलेली आहे हे मला माहितेय. वर्ष संपलं की ते काढून टाकतात. पण मी काहीच आवाज केला नाही तर ते विसरतील. मी तशी शिकतेय, बाई. भागाकार येतो मला. राहू द्या ना."

वर्गात कोणी हसलं नाही. एका मुलीने हळूच आपला कॅमेरा बंद केला.

डोरीनला धीर धरवला नाही. जन्मभर पोरांत राहिलेली बाई, पण त्या क्षणी तिची अक्कल कुठे गेली कोण जाणे. गॉर्डने तिचा हात धरेपर्यंत तिने माइक उघडला होता.

"टिल्डा, घाबरू नकोस राणी. मी डोरीन. तपासायला येतात ना, त्यांच्यातली. मला सगळं—"

काळा चौकोन नाहीसा झाला. बाकीचे चौकोन सरकून त्याच्या जागी आले, आणि तिथे कोणी होतं असं आता म्हणवत नव्हतं.

पत्ता दाखल्यात होता. फोन कोणी उचलत नव्हतं. गॉर्डने गाडी काढली, डोरीन शेजारी बसली. रस्ता पांढरा, आभाळ पांढरं, आणि मधून बर्फाची भुकटी आडवी वाहत होती. रस्त्याकडेचे खांब एकेक करून पुढे यायचे आणि मागे विरघळायचे. 

फेर यांचं घर रस्त्यापासून बरंच आत होतं. दारात एक धिप्पाड माणूस आला, हात ग्रीसने काळे. कॉर्नी फेर. शाळेतून आलोय म्हटल्यावर त्याने टोपी काढली.

"काही चुकलं का तिचं?"

"तिचं नाही," डोरीन म्हणाली. "आहे का ती?"

"आहे की. शाळा चालू असते ना तिची. दिवसभर बोलणं चालतं आतल्या खोलीत." तो कौतुकाने हसला. "मला त्यातलं काही कळत नाही. आम्ही इथं नवीन, मी गुरांच्या मागं असतो. पण बाई फार चांगल्या दिसतात. सारखं नाव घेतात. टिल्डा, तू सांग. टिल्डा, शाब्बास. मला दारातून दोघींचे आवाज येतात."

डोरीनने गॉर्डकडे पाहिलं. गॉर्डने नजर वळवली.

"आज मात्र एकदम बंद पडलं सगळं," कॉर्नी म्हणाला. "या ना आत."

खोलीत एक टेबल होतं. त्यावर मिटलेला लॅपटॉप, वर जाड घोंगडी दोनदा गुंडाळलेली, आणि घोंगडीवर दगडासारखी जड एक बिडाची कढई ठेवलेली. खुर्ची टेबलाला नीट लावलेली. खोलीत कोणी नव्हतं. भिंतीशी कपडे टांगायच्या कोनाड्यापुढे पडदा होता, आणि तो खालच्या बाजूला किंचित हलत होता.

"टिल्डा?" बापाने हाक मारली. "अगं, बघ कोण आलंय."

पडद्यामागून आवाज आला. तो लहान मुलीचा वाटत नव्हता. गोड, उत्साही, शब्दाशब्दाला वर चढणारा, हुबेहूब केल्सी टॅलबटचा.

"टिल्डा खरी नाही बरं का, मुलांनो! चला, पुस्तकं उघडा."

कॉर्नी फेरच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थिजलं. "हा... हा बाईंचाच आवाज," तो म्हणाला. त्याने मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग डोरीनकडे. "मग इतके दिवस आत तिचं नाव कोण घेत होतं?"

 डोरीन मोठ्या कष्टाने गुडघ्यांवर बसली आणि पडद्याखालून हात घातला. आत चाचपताना तिला एक हात सापडला. इवलासा, थंडगार. तो तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"टिल्डा," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "टिल्डा फेर. मी धरलाय तुझा हात. बघ, लागतोय ना तुला?"

तो हात तिच्या हातात तसाच पडून राहिला. मग पडद्यामागून तोच गोड आवाज म्हणाला, "डोरीनबाई, तिथं कोणी नाही."