गप्प झालेली देवराई

तिसऱ्या डोसासाठी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी गोजरबाई देवराईतल्या देवीची ओटी भरायला निघाली. सोबत भावाची मुलगी आरती होती. वैशाख संपत आला होता. आहुप्याच्या त्या डोंगरपट्टीत पावसाआधी झाडांवरचे किडे भर दिवसा असे ओरडतात, की शेजारच्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं.

गोजरबाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती आणि ती पसरायला लागली होती. पहिलं सलाइन लावलं तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, “या बाटलीत हाय तरी काय?”

“प्लॅटिनमचं औषध. दागिन्यात असतो ना, तो धातू.”

“आन् त्यो गाठ जाळतो?”

“जाळत नाही. प्रत्येक पेशीत एक लांब धागा असतो. नवी पेशी कशी घडवायची ते त्यावर लिहिलेलं असतं. प्लॅटिनम त्या धाग्याला धरून बसतं आणि धागा तिथं वाकतो. पेशी वाढायला निघाली की तिथं अडते. वाकलेलं सरळ करायला बघते. नाही जमलं, तर स्वतःच मरते.”

“आपल्या आपण?”

“हो. मरायची सोय तिच्यात पहिल्यापासून असतेच.”

हे बोलणं गोजरबाईच्या मनातून जाईना. घरी पडल्या पडल्या ती पोटावर हात ठेवायची. आत कुणीतरी हलक्या पावलानं फिरतंय, एकेका पेशीला काहीतरी सांगतंय आणि ती निमूट ऐकतेय, असं तिला वाटायचं. तोंडाला सारखी लोखंडाची चव यायची. दुसऱ्या डोसानंतर कानात बारीक शिट्टी सुरू झाली. कानाचं काही वाटलं तर लगेच सांगा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण सांगितलं तर औषध बंद करतील, या भीतीनं ती गप्प राहिली.

देवराईत शिरल्यावर चार पावलं गेली आणि ती थबकली. वर पानं हलत होती, उन्हाचे कवडसे सरकत होते, पण राईत आवाज म्हणून नव्हता. किडे एकदम गप्प झाले की जवळपास बिबट्या असतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं आरतीचं मनगट घट्ट धरलं.

“हलू नको. किडं थांबल्यात.”

आरतीचे ओठ हलले. गोजरबाईला शब्द अर्धेच कळले. आरतीनं तोंड तिच्या कानाशी आणलं. “आत्या, थांबलं न्हाईत. लई ओरडत्यात. माझं कान बधिर झाल्यात.”

गोजरबाईनं वर पाहिलं. समोरच्याच खोडावर एक किडा बसला होता. त्याचं पोट थरथरत होतं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. शिट्टीपलीकडे काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

“कधीपासून?” आरतीनं विचारलं.

“ठावं न्हाई. आता कळलं.”

दोघी पुढं चालू लागल्या. गोजरबाई बोलत राहिली. देवीला काय सांगायचं, उद्या गाडी किती वाजता निघणार, असं काहीबाही. बोलता बोलता तिनं वळून पाहिलं तर आरती मागंच उभी होती, ताठ. तिनं हळूच ओठांवर बोट ठेवलं.

आता किडे खरंच थांबले होते. गोजरबाईसाठी मात्र काहीच बदललं नव्हतं. मघाचीच शांतता, तशीच. ती आरतीच्या तोंडाकडे बघत राहिली. करवंदीच्या जाळीमागं कुठंतरी वानर खाकरलं. तो जाड, खर्जातला आवाज तिला नीट ऐकू आला. जाळीचं एक टोक हललं. मग त्याच्या पुढचं. मग त्याच्याही पुढचं. काहीतरी घाई न करता उताराला लागलं होतं. दिसलं काहीच नाही.

आरतीचे खांदे सैल पडले. किडे पुन्हा सुरू झाले, हे गोजरबाईला त्यावरूनच समजलं.

ओटी भरून त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी आरतीनंच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. कानाची तपासणी झाली आणि औषध बदललं. धातू तोच, पण कानाला सौम्य. दिवाळीच्या आधी स्कॅन झालं, त्यात गाठ सापडली नाही. आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आन् कान?” गोजरबाईनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“बारीक आवाज टिपणाऱ्या कानातल्या पेशी मेल्या, मावशी. त्या पुन्हा येत नाहीत.”

गोजरबाईनं पोटावर हात ठेवला. “मंग हितल्याबी येनार न्हाईत ना?”

डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या, पण हळू. गोजरबाईनं आरतीकडे पाहिलं. आरती खाली बघत होती.

“काय म्हनल्या?”

“बघत राहावं लागंल, म्हनल्या,” आरती मोठ्यानं म्हणाली.