खुडूक

आप्पासाहेब शेंद्र्याच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात हजर झाले. तिकडे ते क्वालिटीला होते. सुटे भाग पास-नापास करण्यात उभा जन्म गेलेला. आता भाग नव्हते, भाकरी होत्या. ही जाड, ती कडेला करपलेली, या डब्याचं झाकण नीट बसत नाही. द्वारकाबाईंनी काही दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मागं एवढी जागा पडलीय. कोंबड्या पाळा की." कोंबड्यांची त्यांना हौस होतीच, पण त्याहून माणूस घराबाहेर काढायची घाई होती.

लासूर स्टेशनच्या बाजारातून चार गावरान कोंबड्या आल्या. खुराड्याच्या भिंती ओळंबा लावून उभ्या राहिल्या. कोंबड्यांनी त्याची दखल घेतली नाही. हातानं दाणे टाकणं मात्र आप्पासाहेबांना मंजूर नव्हतं.

"वाया जातं लई. ऑटोमॅटिक पायजे."

म्हणून त्यांनी नळाच्या पाइपला एल्बो लावून फीडर केला. वरून भरडा ओतायचा, खालून कोंबडीनं पाहिजे तेवढा खायचा. भरडा एल्बोच्या वळणात अडकायचा. मग आप्पासाहेब सकाळ-संध्याकाळ हातोडीनं पाइप ठोकत उभे. ऑटोमॅटिक फीडर चालवायला एक माणूस कायम लागायचा, आणि कोंबड्या सांडलेलं तेवढं जमिनीवरून टिपायच्या. पण स्वयंपाकघर शांत होतं, म्हणून द्वारकाबाईंनी फीडरची तोंडभरून तारीफ केली.

ती अंगाशी आली. आप्पासाहेबांनी निळा ड्रम आडवा कापून, वर पत्रा टाकून दुसरा, मोठा फीडर केला. त्यातल्या भरड्यावर चौघींतली काबरी जाऊन बसली ती उठेच ना. काबरी द्वारकाबाईंची लाडकी. हाक मारली की पदराशी यायची. आता जवळ गेलं तरी पिसं फुलवून चोच मारायला धावू लागली. अंडी बंद.

"खुडूक हो गई, भाभी," शेजारची जाहेदा भिंतीवरून म्हणाली. "अंडे रखो नीचे. मेरे यहाँ मुर्गा है, मैं देती." तिनं ओढणीतून दिलेली अंडी द्वारकाबाईंनी उबवायला हळूच काबरीखाली सरकवली.

आप्पासाहेबांचं लहानपण वेरूळजवळच्या शेतात कोंबड्यांमागं धावण्यात गेलेलं, पण गावाकडचं सगळं विसरल्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी निकाल दिला, "नापास. रविवारी रस्सा करू हिचा."

"अहो, अंडी ठेवलीत मी तिच्याखाली. पिल्लं निघतील."

"फीडरमधी अंडी? फुकट खाती, देत काय नाय, जागा अडवून बसती, अन् जवळ गेलं की अंगावर येती. असली ठेवायची कशाला?"

द्वारकाबाईंचा पिठातला हात थांबला. "घरात अजून एक हाय तसलं," त्या म्हणाल्या. "मी कापलं का त्याला?"

हे वाक्य त्यांनी रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवसापासून तोंडात घोळवून ठेवलं होतं. पण बोलून झाल्यावर वाटायला हवं होतं तेवढं बरं वाटलं नाही. आप्पासाहेबांचा चेहरा पार उतरला. ते मागच्या दारानं बाहेर गेले.

हातोडीचा आवाज आला नाही. द्वारकाबाईंना वाटलं, रागाच्या भरात हा माणूस काबरीची मान मुरगळायचा. त्या पिठाच्या हातानंच धावल्या.

आप्पासाहेब ड्रमापुढं उकिडवे बसले होते. काबरीसमोर पाण्याची वाटी होती आणि ते चिमटी-चिमटीनं ज्वारी टाकत होते. हातानं.

"खुडूक बसली की खाण्यापिण्याची शुद्ध राहत नाय त्यांना," ते मान वर न करता म्हणाले. "माझी आई असंच टाकायची."

द्वारकाबाईंना रडू आलं. पीठ लागलेल्या हातानं डोळे पुसता येईनात, म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

पिल्लं निघाली त्या सकाळी जाहेदा भिंतीवरून डोकावली. "भाईसाब, ये तो फीडर था ना?"

"फीडर नाय," आप्पासाहेब म्हणाले. "खुडकांची जागा हाय ही." आणि त्यांनी आपली खुर्ची ड्रमाशेजारी ओढली.

द्वारकाबाईंनी न्याहारी तिथंच नेऊन दिली. पिल्लांच्या नादात भाकरी कडेला करपली होती. आप्पासाहेबांनी करपलेली कड मोडून काबरीपुढं कुस्करली आणि उरलेली मुकाट्यानं खाल्ली.