सागवानी हात

मारुतरावांनी कळ दाबली. सागवानी हात रुळावरून सरकत मळणी यंत्राच्या तोंडात शिरला, आतल्या आडव्या दांडीला टेकला आणि पट्टा फटकन उतरला. ड्रमला करकचून ब्रेक लागला. लाकडी बोटांच्या चार अंगुळं अलीकडे दाते थांबले.

"दोनशे बारावी खेप," इंजिन बंद करत ते म्हणाले. "एकदाही चुकलं नाही."

समोर छबूबाई बसली होती. उजव्या मनगटाशी पदर गुंडाळलेला. त्याखाली पंजा नव्हता. कार्तिकात बाजरी मळताना याच बनावटीच्या यंत्राने तो नेला होता. कारखान्याचे मालक उद्धवराव यांचा निरोप आला म्हणून ती चाकणपलीकडच्या गावाहून एसटीने इथे चिंचवडला आली होती. टेबलावर कागद तयार होता, मार्च १९५७ अशी तारीख घालून: यंत्र निर्दोष, अपघात बाईच्या हलगर्जीपणामुळे. फक्त अंगठा उठवायचा राहिला होता. उजवा गेला तर डावा चालेल, असं उद्धवरावांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. मोठा समजूतदार माणूस!

मारुतरावांना त्या कागदाशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव या चाचणीच्या सांगाड्यात होता. साताऱ्याहून येऊन, सहा महिने खपून त्यांनी तो आखला होता. हाताची लांबी, खांद्याची उंची, सगळं स्वतःच्या अंगावरून मोजून घेतलेलं. एवढं करूनही या बाईचा हात गेलाच कसा, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते त्यांना आतून कुरतडत होतं.

"बाई, रागावू नका. यंत्रात पेंढ्या कशा भरत होतात, ते एकदा दाखवता का?"

"दावते की. पर चूक माजीच हाय, साहेब. घरात समदी तेच म्हंत्यात. सासूबाई तर उठता-बसता."

ती यंत्रापुढे उभी राहिली. यंत्राचं तोंड तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, भंगाराची पाटी डाव्या हाताने ओढून रिकामी केली, पालथी घातली आणि वर चढली. मग पेंढी धरल्यासारखं करून ओणवी झाली. तिचा थोटा हात दांडीच्या वरून आत उतरला. दांडी जागची हलली नाही.

"पाटीवर का चढलात?" मारुतरावांनी विचारलं.

"मग पोचायचं कसं? भरायला आमी बायाच असतो. बाप्ये पोती उचलत्यात."

मारुतरावांनी रुळावरच्या सागवानी हाताकडे पाहिलं. दोनशे बारा वेळा त्यांनी फक्त स्वतःचा हात वाचवला होता.

"झाला का अंगठा?" आतल्या खोलीतून उद्धवरावांनी विचारलं.

टेबलावरचा कागद उचलून मारुतरावांनी तो उभा फाडला, मग आडवा.

"बाई, तुमची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी तुमच्या घरी येऊन सांगतो. सासूबाईंसमोर सांगतो."

छबूबाई पाटीवरून उतरली. मग पदर तोंडाशी धरून हुंदके देत रडली. चार महिन्यांत हे शब्द तिला कुणी म्हटले नव्हते, आणि आपल्याला ते ऐकायचे होते हेही तिला आत्ताच कळत होतं.

"या, साहेब," ती म्हणाली. "पर सुगी उरकल्यावर या. आता गव्हाची मळणी चाललीय, कुनाला बोलायला बी सवड न्हाई."

"यंत्रावर?"

"व्हय. दिस उगवल्यापासनं."

"भरतंय कोण?"

"रंभा. धाकटी जाऊ माजी." तिने डोळे पुसले. "कामाला लई चपळ हाय. पर माज्याहून बुटकी हाय."